सामाईक सातबारा ते काजूची बाग: आमच्या शेताची पहिली चार वर्षं

गणपतीत किंवा शिमग्याला गावी गेलं की एकदा तरी विषय निघतोच: जमीन पडून आहे, काहीतरी करायला हवं. आमच्या घरीही तो वर्षानुवर्षं निघत होता. आज रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी वरच्या अंगाला काजूची १२० आणि आंब्याची २० कलमं लागली आहेत, खाली मळ्यात आठ गुंठे भात होतंय, आणि सातबारावर सगळ्यांची नावं जिथे हवी तिथे आहेत. या तिन्हींत शेवटच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्याबद्दलच कुणी नीट सांगत नाही. कलमं कशी लावायची हे विचारलं की दहा जण सांगतात. म्हणून कागदांपासून सुरुवात करते.

बाबा नोव्हेंबर २०२० मध्ये गेले. त्यानंतरचं वर्ष करोनात गेलं. आई गावच्या घरी एकटी, धाकटा भाऊ रत्नागिरीत नोकरीला, मी डोंबिवलीत, हिशेबाच्या कामात. जानेवारी २०२२ मध्ये आम्ही दोघं आईसमोर बसलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "करायचं तर मी हिंडतेफिरते आहे तोवर करा." त्याच रात्री मोबाइलवर सातबारा काढला. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर नुसता पाहायला पैसे पडत नाहीत, पण कचेरीत चालणारा डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर एका उताऱ्याला १५ रुपये लागतात. तोच काढा, आणि सोबत आठ-अ (खात्याचा उतारा) पण काढा.

सातबारावर बाबांचं नाव नव्हतं. आजोबा १९७४ साली गेले तेव्हा घरातला थोरला म्हणून काकांचं नाव लागलं होतं आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं होती. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कोकणात असे सातबारे गावोगाव आहेत. त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, भावाभावांत तोंडी वाटणी ठरलेली असायची आणि ती पाळलीही जायची. पण काका २००९ साली गेले, बाबाही गेले, आणि कागदोपत्री जमीन अजून एका मयत माणसाच्या नावावर होती. आत्याचं नाव होतं, पण 'इतर हक्क' या रकान्यात. चुलतभाऊ दोघे, एक ठाण्याला, एक पुण्याला.

अशा वेळी दोन वेगळी कामं असतात. एक, एकुमॅची नोंद कमी करून आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं लावणं. दुसरं, त्यातले जे आता हयात नाहीत त्यांच्या वारसांची नोंद. पहिल्या कामाला जुना फेरफार, म्हणजे सातबारावरचं नाव बदलल्याची नोंद, लागतो. सातबारावर गोल केलेले जे आकडे दिसतात ते फेरफाराचे नंबर. त्यातला कोणता आपला हे तलाठ्यांनी सांगितलं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच), आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला. नक्कल हातात यायला तीन आठवडे लागले. त्या पिवळ्या पानाच्या झेरॉक्सवर आजोबांच्या तिन्ही मुलांची नावं एकाखाली एक लिहिलेली होती, आत्याचंसुद्धा. ते पान नसतं तर आम्हाला फार लांबचा रस्ता घ्यावा लागला असता.

मार्च २०२२ मध्ये अर्ज दिला. मृत्यूचे दाखले, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं, जुना फेरफार. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसाची वर्दी द्यायची असते हेही तेव्हाच कळलं. फाइल एकदा परत आली, कारण मृत्यूच्या दाखल्यात आजोबांचं पाळण्यातलं नाव होतं आणि फेरफारात गावात हाक मारायचे ते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आणि पोलीस पाटलांचा दाखला जोडल्यावर ती पुढे सरकली. तुमच्याकडे जुने कागद असतील तर आधीच सगळ्या कागदांवरची नावं एका वहीत शेजारी शेजारी लिहून काढा. काना-मात्रेचा फरक असला तरी खूण करा. आणि कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेचा शिक्का घेऊन ती पोच जपून ठेवा. तलाठ्यांकडे एकाहून जास्त गावं असतात, कोणत्या वारी कुठे बसतात ते फोनवर विचारून निघालं तर सुट्टीचा दिवस वाया जात नाही.

पण कागद हा या कामाचा सोपा भाग. ठाण्याच्या चुलतभावाचा पहिला प्रश्न होता, "एवढ्या वर्षांनी एकदम सातबारा कशाला काढलात?" त्याच्या जागी मी असते तर मलाही हाच प्रश्न पडला असता. मुंबईत राहणाऱ्या माणसाला गावाहून जमिनीचा फोन आला की पोटात गोळा येतो, कारण आजूबाजूला त्याने काय काय ऐकलेलं असतं. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की फोनवर काहीच बोलायचं नाही. मी ठाण्याला रविवारी घरी गेले, वहिनीशी बोलले, मुलांच्या शाळेचं विचारलं, आणि निघताना फक्त उताऱ्याची प्रत ठेवून आले. त्यात तुझं नाव अजून लागलेलं नाही, ते लागावं म्हणून चाललंय, एवढंच सांगितलं. पुण्याला भाऊ गेला. सही कुणाकडेच मागितली नाही. ती पुढे वर्षभराने लागली तेव्हा आठवड्यात मिळाली.

आत्याकडे मी मे महिन्यात गेले. ती लांज्याकडे असते, वय शहात्तर. जवळच्या नातलगांचा सल्ला होता की ती आहे तोवर हक्कसोडपत्र करून घे, पुढे तिच्या मुलांच्या सह्या गोळा करत बसशील. व्यवहार म्हणून सल्ला चुकीचा नव्हता. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, दुय्यम निबंधकाकडे अंगठा आणि फोटो होतो, रक्ताच्या नात्यात मुद्रांकही किरकोळ. बहुतेक घरांत बहिणी ते देतात आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलत नाहीत.

मी तिला सातबारा वाचून दाखवला. तिने विचारलं, "माझं नाव कुठं हाय?" मी इतर हक्काचा रकाना दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेली आहे. स्वतःचं नाव हळूहळू वाचलं, मग वरच्या रकान्यातलं थोरल्या भावाचं वाचलं. "म्हंजे मी बाजूला," ती म्हणाली. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाय, जमीन मला नको, तू कर. पन नाव मधे असू दे."

हक्कसोडाचा विषय मी काढला नाही. त्याच अर्जात तिचं नाव इतर हक्कातून कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, घ्यावं ही मागणी जोडली. यामुळे पुढे कागदांचं काम वाढणार हे मला माहीत होतं, आणि वाढलंही. तरी मला अजून वाटतं की बहिणींना बाजूच्या रकान्यात ठेवून उभी केलेली शेती मला नको होती. मी स्वतःही त्या घरची लेक आहे. माझं नाव आई आणि भावाच्या बरोबरीने लागतं आणि आत्याचं लागत नाही, हे मला कुणाला समजावून सांगता आलं नसतं.

फेरफाराची नोंद झाली की सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात. पुण्याची नोटीस जुन्या पत्त्यावरून परत आली, ती नव्याने काढण्यात पावसाळा सुरू झाला. शेवटी मंडळ अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये नोंद प्रमाणित केली. अर्जापासून सहा महिने. माझ्या ओळखीत याला दोन-तीन वर्षं लागलेली घरं आहेत, आणि बहुतेक ठिकाणी अडलं ते हरकतीवर. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावण्या लागतात.

मग मोजणी. एकूण सामाईक जमीन २ हेक्टर ४० आर, त्यातल्या तोंडी वाटणीने आमच्याकडे आलेल्या भागात लागवड करायची होती. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हद्द कायम करायची मोजणी कुणीही एक खातेदार मागू शकतो. पोटहिस्सा करायचा, म्हणजे आपला वाटा नकाशावर वेगळा पाडायचा, तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. आम्ही पहिली मागितली. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला, तेव्हाच्या दराने तातडीच्या मोजणीचे २,००० रुपये भरले. आता दर बदलले आहेत, डिसेंबर २०२४ पासून ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० पडतात. कोकणात मोजणीचा अर्ज पावसाळा संपता संपता टाकावा. पावसात रान माजलेलं असतं, मोजणी होत नाही, आणि मग सगळ्यांच्या तारखा एकदम लागतात.

आमची तारीख जानेवारी २०२३ मधली आली. लगतच्या खातेदारांना पंधरा दिवस आधी नोटिसा गेल्या. त्याआधी हद्दीवरची करवंदीची जाळी आणि घाणेरी तोडून घेतली, चार गड्यांना दोन दिवस लागले. यंत्राला समोर दिसायला हवं, नाहीतर तारीख पुढे ढकलली जाते. त्या दिवशी आत्या मुलाला घेऊन पहाटेच्या एसटीने आली, कुणी बोलावलं नव्हतं. भूकरमापकांचं यंत्र वरच्या कोपऱ्यात एका ठिकाणी दाखवत होतं आणि तिथे खूण म्हणून काहीच नव्हतं. आत्या दोन किंजळीच्या झाडांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, इथं खणा. आम्ही लहानपणी गुरं घेऊन यायचो तेव्हा ह्या दगडावर बसायचो. टिकावाने हातभर खणल्यावर चिरा लागला, वरच्या तोंडावर फुलीची खूण. यंत्राने दाखवलेल्या जागेपासून तो वितीच्या आत होता.

खालच्या अंगाला शेजाऱ्यांचा गडगा (दगडी बांध) आमच्या बाजूला दोन-तीन फूट आत निघाला. नकाशात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही येतात, त्यामुळे ते कागदावर आलंच आहे. गडगा पाडायचा नाही असं भावाने तिथेच सांगितलं. एवढ्या पट्टीत काजूची एक ओळही बसत नाही, आणि त्याच शेजाऱ्यांच्या वाटेवरून आमचा जेसीबी, खत, पाण्याची टाकी सगळं वर जाणार होतं. 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, महिन्याभराने मिळाली. तिचे दोन रंगीत झेरॉक्स काढून एक आईकडे ठेवला.

फळबाग लागवडीसाठी भाऊसाहेब फुंडकर योजनेत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला होता. कोकणात या योजनेत १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत लागवड करता येते, अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं. जॉब कार्ड असलेल्या अल्पभूधारकांनी आधी रोजगार हमीतली फळबाग योजना पाहावी, आम्ही तिच्यात बसत नव्हतो. मार्चमध्ये सोडतीत नाव लागल्याचा मेसेज आला. मेसेज येतो त्या नंबरचा फोन चालू ठेवा, कारण कागद चढवायला थोडेच दिवस असतात. सामाईक खाते असल्याने सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागलं. वर म्हटलं ते आठवड्यातलं काम हेच. ठाण्याच्या भावाने स्वतः नोटरीकडे जाऊन केलं आणि कुरिअरने पाठवलं.

योजनेची पूर्वसंमती मिळण्याआधी कलमं विकत घेऊ नका. त्याआधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आम्हाला ती मेच्या मध्यावर मिळाली. खड्डे मात्र एप्रिलपासून खणून घेतले होते, कारण ते उन्हात तापायला हवेत. काजूसाठी सात बाय सात मीटरवर दोन फुटांचे, हापूससाठी दहा बाय दहावर तीन फुटांचे. जेसीबीचा तासाला १,२०० रुपये दर होता, नऊ तास चालला. आमच्याकडे मातीखाली लगेच मुरूम आणि मधेच कातळ लागतो, तिथे खड्ड्याची जागा हातभर सरकवावी लागली, त्यामुळे ओळी दोरीत नाहीत. खड्ड्यातून निघालेली वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायला सांगा. भरताना वरची माती, शेणखत, सुपर फॉस्फेट आणि पालापाचोळा गेला पाहिजे. मुरूम पुन्हा आत गेला तर कलम दोन वर्षं नुसतं उभं राहतं.

कलमं कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेचीच घ्यायची यावर आई ठाम होती, आणि मीही. काजूत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ घेतली, ७० रुपयांना एक. आंब्याची ११० ला पडली. हापूसमध्ये फळधारणा सुधारावी म्हणून दुसऱ्या जातीची थोडी झाडं लागतात, तशी रत्ना आणि केसरची दोन-दोन कलमं मधे घेतली. घेताना सांधा नीट जुळलेला आहे का ते बोटाने दाबून पाहा, आणि पिशवीतून मुळं बाहेर पडून वळलेली असली तर ते कलम बाजूला ठेवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कलमं आली आणि पाऊस आला नाही. २०२३ साल ज्यांना आठवतं त्यांना हे सांगायला नको. ११ जूनला मान्सून तळकोकणात आला खरा, पण बिपरजॉय वादळाने त्याचा जोर ओढून नेला आणि तो तिथेच अडकून राहिला. १४० कलमं अंगणात फणसाखाली मांडलेली, विहिरीला तळाशी पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ आई, मी, आणि सुट्टीत आलेली माझी मुलगी तांब्याने पिशवी-पिशवीला पाणी घालतोय. मी बिनपगारी रजा घेऊन आले होते. रात्री झोप लागायची नाही. अनुदान पुढे, खर्च आधी, असा हिशेब होता आणि साठवलेल्या पैशांतून बरेच बाहेर पडलेले होते. शेजारचे तात्या रोज पडवीत येऊन बसायचे, म्हणायचे काहीच नाहीत. एकदा म्हणाले, "कलम पिशवीत हाय तवर तुमच्या हातात हाय. जमिनीत गेल्यावर नाय." त्या वाक्याने मला फार धीर दिला. २४ जूनच्या सुमाराला पाऊस धरला आणि पुढच्या आठ दिवसांत सगळी लागवड झाली.

लावताना काय पाहायचं ते थोडक्यात. सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी आठवणीने ब्लेडने काढायची, ती राहिली तर खोड आवळतं. सांध्याखालून फूट आली की लगेच काढायची, ती मूळ रायवळ झाडाची असते आणि कलमाला मारते. काठीचा आधार द्यायचा, पण बांधताना सुतळी आठच्या आकड्यासारखी. पुढची दोन-तीन वर्षं मोहोर आला तर खुडायचा. आईला हे शेवटचं अजून जड जातं. मोहोर तोडताना ती दरवेळी झाडाशी काहीतरी पुटपुटते.

भात त्याच पावसात केलं. कर्जत-३, हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं. मळ्यातल्या आठ गुंठ्यांना बाहेरचा गडी आम्ही एकच घेतला, बाकी तरवा (भाताची रोपं) काढायला आणि लावायला वाडीतल्या बायका आल्या, त्यांच्या लावणीला आम्ही गेलो. मला पहिले दोन दिवस कमरेतून वाकता येईना. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या लयीत लावायला लागले तेव्हा वाडीतल्या काकूंनी माझ्या हातातली मूठ नीट करून दिली, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. एवढ्या वर्षांत गावाला मी पाहुणी म्हणून येत होते. त्या दिवसापासून वाडीच्या कामांच्या निरोपात माझंही नाव येऊ लागलं. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोठी कमाई हीच.

पाणी हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मार्चमध्ये पऱ्ह्या (ओढा) कोरडा असतो. डोंबिवलीतल्या लोकांना हे पटत नाही. पऱ्ह्यावर नोव्हेंबरमध्ये वाडीने सिमेंटच्या गोणींचा बंधारा घातला, त्याने विहिरीचं पाणी महिनाभर जास्त टिकलं. सगळ्यात उंच कोपऱ्यात पाच हजार लिटरची टाकी बसवली, तिथून उताराने नळी. टाकी, पंप, नळ्या मिळून ४६,००० रुपये. कलमाभोवती सुक्या गवताचं आच्छादन केलं तर आठवड्याला एक पाणी पुरतं. पण तेच गवत वणव्यात घातक.

वणव्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात नवी बाग जाते ती बहुतेक वेळा रोगाने नाही, वणव्याने आणि मोकाट गुरांनी. गुरांसाठी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार घातली, ७८,००० रुपये, सगळ्यात मोठा खर्च. वणव्यासाठी तात्यांनी डिसेंबरातच जाळरेषा काढून घेतली होती. बागेच्या बाहेरून पंधरा फुटांचा पट्टा गवत कापून, झाडून, अगदी लाल माती दिसेपर्यंत साफ.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुपारी दोनच्या सुमाराला सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाच्या, बाजूने धूर दिसला. आई घरी, मी डोंबिवलीला. पुढचं मला फोनवर आणि नंतर सगळ्यांच्या तोंडून कळलं. वारा समुद्राकडून होता, म्हणजे आमच्याच दिशेला. वाडीतली वीस-पंचवीस माणसं ऐनाचे आणि किंजळीचे टाळे (पानांसकट फांद्या) तोडून वर धावली. ज्वाळेवर टाळा समोरून मारत नाहीत, आपल्या बाजूने आत लोटत मारतात, नाहीतर ठिणग्या मागे पडतात. बायकांनी टाकीची नळी सोडून जाळरेषा भिजवली. आग पट्ट्याशी येऊन थांबली, पण वरच्या कोपऱ्यात एक सुका सागाचा पाला उडून आत आला आणि तिथलं आच्छादन पेटलं. ११ काजू गेले. रात्री साडेबाराच्या तुतारी एक्स्प्रेसने मी निघाले. सकाळी पोचले तेव्हा तात्या जळलेल्या कलमांच्या काठ्या उपटून एका जागी रचत होते आणि उरलेल्यांच्या बुंध्यांना ओली माती लावत होते.

जळालं तर त्याच दिवशी फोटो काढा, तलाठी आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहाय्यक) कळवा आणि पंचनामा मागा. आमचा दुसऱ्या दिवशी झाला. योजनेत ठरलेल्या टक्क्याइतकी झाडं जिवंत नसली तर पुढचा हप्ता मिळत नाही, म्हणून गेलेल्या जागी स्वखर्चाने नांग्या भराव्या लागतात. जून २०२४ मध्ये आम्ही त्या ११ आणि मर निघालेली आणखी काही अशी भरून काढली. दुसरा हप्ता त्यानंतरच्या तपासणीवर आला. दरम्यान बँकेच्या खात्याशी आधार जोडलेलं नाही म्हणून पहिला हप्ता काही महिने अडकून पडला होता. अर्जाच्या आधीच बँकेत जाऊन आधार जोडणीची खात्री करा, नुसतं केवायसी झालं म्हणून थांबू नका. २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही सामाईक खात्यात प्रत्येकाने आपापला काढायचा असतो. आत्याचा काढायला तिचा मुलगा तिला घेऊन सेवा केंद्रात गेला. तिच्या नावावर शेतकरी म्हणून नंबर आला तेव्हा तिने तो मला फोनवर दोनदा वाचून दाखवला.

गेल्या वर्षी मेमध्येच पाऊस आला, २५ तारखेला तळकोकणात मान्सून. कलमांना ते मानवलं, पण तरव्याला जमीन तयार करता आली नाही आणि रतांब्याची (कोकमाची) सोलं वाळली नाहीत, बरीच फेकावी लागली. घरातली रतांब्याची जुनी झाडं हे सध्या शेतीतलं आमचं एकमेव रोख उत्पन्न, त्यामुळे तो फटका जाणवला. काजूवर ढेकण्या ही कीड आली, ती पालवी फुटताना येते, तेव्हा रोज सकाळी फेरी मारावी लागते. खोडात रोठा आहे का ते बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो त्यावरून कळतं. तार घालून अळी काढायचं काम भाऊ दर शनिवारी करतो.

पैशांचं लोक आडून विचारतात, म्हणून सरळ लिहिते. पहिल्या दोन वर्षांत कुंपण ७८,०००, पाणी ४६,०००, मजुरी ६२,०००, जेसीबी १०,८००, कलमं आणि त्यांची वाहतूक १४,१००, खत आणि माती १४,०००, कागदपत्रं आणि मोजणी मिळून सुमारे ७,०००. सगळे २ लाख ३२ हजारांच्या आसपास, प्रवास वेगळा. अनुदानातून कलमांचा आणि मजुरीचा बराच भाग निघाला, कुंपण आणि पाणी आमचं आम्ही केलं. बागेतून घरात अजून एक रुपया आलेला नाही. काजूला अजून दोन वर्षं, आंब्याला त्याहून जास्त. माझं हिशेबाचं काम मी आता अर्धवेळ, घरून करते, आणि जून ते ऑक्टोबर गावी राहते. हे जमलं ते नवऱ्याने डोंबिवलीचं घर सांभाळलं म्हणून. कुणी पूर्ण नोकरी सोडून याच आकारात उडी घेणार असेल तर मी तरी पाच वर्षांचा घरखर्च आधी बाजूला काढायला सांगेन.

यंदाच्या पावसाळ्यानंतर पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करायचा आहे. सगळ्यांच्या संमतीचा मसुदा भावाने तयार केला आहे. आत्याने एकच बदल सांगितला: आम्ही तिचा वाटा खालच्या रस्त्याकडे दाखवला होता, तो तिला वर, किंजळींच्या बाजूला हवा आहे. तिथे आमचे काजू आहेत. ते तिच्या वाट्यात जातील आणि करणार आम्हीच, असं ठरलं. ठाण्याच्या भावानेही त्याच्या वाट्यात काय लावता येईल ते विचारलंय. मेमध्ये तो जमीन बघायला येतोय.